ली-एन्फील्ड रायफल : प्रकारनिश्चिती व अस्सलपणा

ब्रिटिश साम्राज्याच्या भूसेनांची प्रमुख रायफल. बोल्ट हाताने मागेपुढे सरकवून भरावयाची, दहा काडतुसांची पेटी असलेली व ०·३०३ इंच (सु. ७·७ मिमी.) व्यासाच्या नळीची ही रायफल १८९५ पासून १९५७ पर्यंत, म्हणजे स्वयंभरणी रायफल येईपर्यंत, ब्रिटिश पायदळाचे मुख्य शस्त्र होती. भारतात ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने ती पोलीस दलांत त्यानंतरही अनेक दशके वापरात राहिली. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील रेल्वे पोलिसांजवळ याच रायफली होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. सर्व प्रकार मिळून सु. १ कोटी ७० लाख रायफली तयार झाल्या, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

एवढ्या दीर्घ काळात व चार खंडांतील कारखान्यांत तयार झालेल्या या शस्त्राचे ‘ली-एन्फील्ड’ हे एक नाव पुष्कळच ढोबळ ठरते. त्याखाली डझनावारी प्रकार मोडतात. शिवाय लष्करी रायफल ही वापरून टाकून देण्याची वस्तू नव्हे. झिजलेली नळी बदलणे, तडकलेले लाकूड काढून नवे बसविणे, जुन्या प्रकाराचे नव्यात रूपांतर करणे हे काम शस्त्रशाळांत सतत चालू असे. त्यामुळे १९१६ हे वर्ष कोरलेल्या रायफलीला १९४० नंतरची नळी व त्याहूनही नंतरचे लाकूड असणे मुळीच नवलाचे नाही. संग्रहालयातील नोंद करणारा, न्यायालयापुढे शस्त्राविषयी मत देणारा, पोलीस शस्त्रागारातील कारागीर व जुन्या शस्त्रांचा संग्राहक या सर्वांना ही रायफल नेमकी कोणती व कितपत मूळची आहे, हे ठरवावे लागते. प्रश्न केवळ किमतीचा नसतो. चुकीचा बोल्ट बसविलेली रायफल उडविणाऱ्याच्या चेहऱ्याला इजा करू शकते.

अस्सलपणाचा अर्थ : अस्सल व नकली अशी दुहेरी विभागणी येथे पुरी पडत नाही. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिलेली रायफल हा एक वर्ग; असे नमुने विरळा. सेवाकाळात लष्करानेच दुरुस्त केलेली वा रूपांतरित केलेली रायफल हा दुसरा वर्ग. ती मूळ अवस्थेत नसली, तरी तिच्यातील प्रत्येक बदल हा तिच्या इतिहासाचाच भाग असतो. तिला नकली म्हणणे चूक होय. सेवेतून बाहेर पडल्यावर शिकारीसाठी कापलेली, बाजारासाठी सजविलेली किंवा सुटे भाग जुळवून उभी केलेली रायफल हा तिसरा वर्ग आणि सरकारी कारखान्याशी काहीही संबंध नसलेली, परंतु त्याच्या खुणा धारण करणारी हस्तनिर्मित नक्कल हा चौथा. परीक्षकाची खरी कसोटी दुसरा व तिसरा हे वर्ग वेगळे करण्यात लागते, कारण दोहोंतही जुने-नवे भाग एकत्र आलेले असतात. फरक इतकाच, की लष्करी शस्त्रशाळा आपल्या कामाची नोंद धातूवर ठेवते. बाजारातील कारागीर सहसा ठेवत नाही.

विकास : स्कॉटलंडमध्ये जन्मलेले व कॅनडा आणि अमेरिका येथे वाढलेले जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) यांनी काडतुसांची काढघाल करता येणारी पेटी व तिला अनुरूप बोल्टरचना तयार केली. या बोल्टची अडसरे पुढे नसून मागच्या बाजूस असतात. त्यामुळे त्याची सरक आखूड व चाल जलद होते. १९१४ पूर्वीच्या ब्रिटिश शिपायाकडून एका मिनिटात पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा केली जाई, ती या रचनेच्या बळावर. १८८८ मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीत विल्यम एलिस मेटफर्ड यांनी योजलेल्या सात उथळ व गोलसर खाचा होत्या. कॉर्डाइट हे धूरविरहित प्रणोदक आल्यावर त्याच्या तीव्र उष्णतेने त्या लवकर झिजू लागल्या. म्हणून एन्फील्ड येथील सरकारी कारखान्यात पाच खोल, डावीकडे वळणाऱ्या खाचांची नळी तयार करण्यात आली. लीचा बोल्ट व एन्फील्डची नळी मिळून १८९५ मध्ये ली-एन्फील्ड हे नाव रूढ झाले. जुन्या रायफलीच्या नळीत डोकावून खाचा मोजणे ही त्यामुळे परीक्षणाची एक आरंभीची पायरी ठरते. मात्र दुसऱ्या महायुद्धात उत्पादन वाढविण्यासाठी क्र. ४ रायफलीच्या पुष्कळ नळ्या केवळ दोन खाचांच्या केल्या गेल्या. दोन खाचा दिसल्या म्हणजे नळी बनावट, हा समज निराधार आहे.

मुख्य प्रकार : पहिली ली-एन्फील्ड लांब होती, तिची नळी सु. ७६७ मिमी. व एकूण लांबी सु. १·२६ मी. होती. पायदळ व घोडदळ या दोहोंसाठी एकच शस्त्र असावे, या हेतूने १९०२ मध्ये ६४० मिमी. नळीची आखूड रायफल संमत झाली. तिच्या ‘शॉर्ट मॅगझिन ली-एन्फील्ड’ या नावातील ‘शॉर्ट’ हे विशेषण रायफलीला लागते, पेटीला नव्हे. आखूड पेटीची रायफल असा अर्थ करणारे लेखन अधूनमधून वाचावयास मिळते. या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध प्रकार मार्क ३ हा १९०७ चा होय. त्याचे पुढील टोक बोथट असून लाकूड व धातूची टोपी थेट नळीच्या तोंडापर्यंत येते. दर्शी (मागील नेमसाधन) नळीवर, बोल्टच्या बरीच पुढे असते. पेटीतील काडतुसे राखून ठेवण्यासाठी उजव्या बाजूस एक आडवी पट्टी व दूरवर सामुदायिक मारा करण्यासाठी डाव्या बाजूस वेगळे नेमसाधन असते. पहिल्या महायुद्धात उत्पादन सोपे करण्यासाठी ही पट्टी, दूरचे नेमसाधन व दर्शीची आडवी जुळणी वगळण्यात आली. या सुलभ प्रकारास मार्क ३* म्हणतात. त्याला औपचारिक मान्यता जानेवारी १९१६ मध्ये मिळाली. प्रत्यक्षात बदल हळूहळू होत गेले. पट्टी नसताना तिची खाच शिल्लक असलेली किंवा ताऱ्याचे चिन्ह नंतर खोडलेली रायफल आढळते. तेव्हा केवळ चिन्हावरून किंवा केवळ भागांवरून निर्णय न देता दोहोंचा मेळ घालावा लागतो.

१९२६ मध्ये नामकरणाची पद्धत बदलून मार्क ३ ला ‘क्र. १ मार्क ३’ असे नाव मिळाले. त्यापूर्वीचे वर्ष असलेल्या रायफलीवर ‘क्र. १’ असा शिक्का असल्यास तो नंतर मारलेला आहे, एवढे निश्चित होते. दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली क्र. ४ रायफल दुरूनही ओळखता येते. तिच्या नळीचे टोक लाकडाबाहेर थोडे डोकावते व भोकाची दर्शी नळीवर नसून डोळ्याजवळ, बोल्टच्या मागे असते. कॅनडातील लाँग ब्रँच व अमेरिकेतील सॅव्हेज या कारखान्यांत तिचा मार्क १* हा प्रकार तयार झाला. त्यात बोल्ट काढण्यासाठी वेगळ्या खटक्याऐवजी बोल्टच्या वाटेतच खाच केलेली असते. सॅव्हेजच्या रायफलींवर ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असे कोरलेले असते, कारण त्या उधार-उसनवार योजनेखाली पुरविल्या जात. १९४९ च्या मार्क २ मध्ये चाप लाकडाच्या पुढील भागाशी निगडित न ठेवता रायफलीच्या पोलादी कोठीला टांगण्यात आला. जुन्या मार्क १ चे असे रूपांतर केल्यास ‘१/२’ व मार्क १* चे केल्यास ‘१/३’ असा अंक लिहीत. हे अपूर्णांक पाहून गोंधळणाऱ्यांची संख्या कमी नाही.

खुणा व त्यांचे वाचन : मार्क ३ च्या बाबतीत सर्वाधिक माहिती दस्त्याच्या खोबणीच्या उजव्या बाजूस असते. तेथे वरून खाली राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष व प्रकाराचे संक्षिप्त नाव असा क्रम आढळतो. कारखान्यांमध्ये एन्फील्ड, बी. एस. ए., एल. एस. ए., ऑस्ट्रेलियातील लिथगो व बंगालमधील इशापूर ही नावे प्रमुख आहेत. आद्याक्षरे कालगणनेला फार उपयोगी पडतात. व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही. आर.’ ही अक्षरे जानेवारी १९०१ मधील तिच्या निधनापर्यंतची. त्यानंतर सातव्या एडवर्डची ‘ई. आर.’ व १९१० पासून पाचव्या जॉर्जची ‘जी. आर.’. भारतातील शस्त्रांवर सम्राटपदाचा निदर्शक ‘आय.’ जोडून ‘जी. आर. आय.’ असे लिहीत. १९१० नंतरचे वर्ष व ‘व्ही. आर.’ एकत्र आल्यास ती रायफल सरकारी कारखान्यातील नव्हे, हे उघड आहे. येथेही सावधगिरी हवीच. लांब रायफली कापून आखूड करण्याचे काम लष्कराने केले होते व अशा रायफलींवर रूपांतराचा निर्देश असून मूळचे १८९० नंतरचे वर्ष व ‘व्ही. आर.’ ही अक्षरे कायम असतात. त्या पूर्णपणे अस्सल आहेत.

रुंद बाण हे ब्रिटिश सरकारी मालकीचे चिन्ह होय. कॅनडाने तो ‘सी’ अक्षरात बसविला, दक्षिण आफ्रिकेने ‘यू’ मध्ये, तर भारतीय मालकी बाणाबरोबरच्या ‘आय’ ने दाखविली जाई. दोन बाणांची टोके एकमेकांस भिडविलेली असतील, तर रायफल सेवेतून काढून विकली गेली, असा त्याचा अर्थ. विक्रीपूर्वी इंग्लंडमधील नागरी चाचणीगृहातून ती गेली असल्यास नळीवर व्यास, काडतुसाची लांबी व ‘१८·५ टन’ हा दाबाचा आकडा उमटविलेला असतो. कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाल्यास ‘एफ. टी. आर.’ ही अक्षरे व बहुधा वर्ष आढळते. ‘डी. पी.’ म्हणजे केवळ कवायतीसाठी. अशी रायफल कितीही सुस्थितीत दिसली, तरी उडविण्यायोग्य समजू नये. ‘ई. वाय.’ ही अक्षरे हातबाँब फेकण्यासाठी वेगळ्या काढलेल्या रायफलींवर असतात. त्यांपैकी काहींच्या पुढील लाकडाभोवती मजबुतीसाठी तार गुंडाळलेली दिसते. तारेमुळे त्या बाजारात उठून दिसतात व म्हणून साध्या रायफलींना नव्याने तार गुंडाळण्याचे प्रकारही घडतात.

क्रमांकांचा मेळ : मार्क ३ मध्ये एकच अनुक्रमांक कोठीच्या पुढील कड्यावर, नळीवर, बोल्टच्या मुठीच्या मागे, पुढील टोपीवर, दर्शीच्या पट्टीखाली व पुढील लाकडावर असणे अपेक्षित असते. सर्व क्रमांक जुळणारी रायफल मोलाची मानतात व याच कारणाने क्रमांक पाडून घेण्याचा उद्योग चालतो. जुना क्रमांक घासून त्यावर नवा ठोकला असल्यास पृष्ठभाग किंचित खोलगट होतो, कडा जास्त धारदार दिसतात व अंकांचे वळण कारखान्याच्या ठशांशी जुळत नाही. लष्करी शस्त्रशाळेने क्रमांक बदलताना जुन्या अंकांवर सरळ एक रेघ मारून शेजारी नवा अंक ठोकण्याची रीत होती. तिच्यात लपवाछपवी नसते व ती दिसली म्हणून नमुना कमी प्रतीचा ठरविणे बरोबर नाही.

बोल्टचा क्रमांक मात्र केवळ संग्राहकाच्या हौसेचा विषय नाही. ०·३०३ चे काडतूस बुडाशी कडा असलेले असून ती कडा व बोल्टचे शीर्ष यांमधील अंतर अगदी मोजके असावे लागते. बोल्टची अडसरे त्या त्या कोठीत बसवून जुळविलेली असतात. क्र. ४ मध्ये हे अंतर राखण्यासाठी बोल्टची शीर्षे ० ते ३ अशा चार वाढत्या लांबींत केली जात. मार्क ३ मध्ये अशी क्रमवारी नसून कारागीर ती हाताने जुळवीत असे. परक्या बोल्टमुळे हे अंतर वाढले, तर उडताना काडतुसाचे पितळी कवच बुडाजवळ ताणून तुटते आणि तप्त वायू मागे नेमबाजाकडे येतो. क्रमांक न जुळणारी रायफल मापनपट्ट्यांनी तपासल्यावाचून उडवू नये, हा शस्त्रशाळांचा नियम या कारणास्तव आहे.

इशापूरच्या रायफली : भारताने क्र. ४ चे उत्पादन केले नाही. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतरही क्र. १ मार्क ३ हाच प्रकार तयार होत राहिला. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा व ‘आर. एफ. आय.’ ही अक्षरे आली. पेटीच्या पुढे लाकडातून आडवा जाणारा मजबुतीचा एक स्क्रू ही भारतीय शस्त्रशाळांची ठळक खूण आहे. उष्ण व दमट हवेत लाकूड चिरू नये, म्हणून तो बसवीत. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या रायफलीतही तो दिसला, तर ती कधीतरी भारतात दुरुस्त झाली, असे अनुमान निघते. परदेशी संग्राहकांत हा स्क्रू दोष मानण्याची प्रवृत्ती आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती समर्थनीय नाही.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर इशापूर येथे ७·६२ मिमी. काडतुसासाठी ‘२ ए’ व थोड्या अवधीने ‘२ ए १’ ही रायफल निघाली. बाह्यतः ती मार्क ३ सारखीच असल्याने जुन्या ०·३०३ रायफलींना नवी नळी बसवून ती केली, असा समज दूर दूरपर्यंत पसरला आहे. वस्तुतः नव्या काडतुसाचा अधिक दाब सोसण्यासाठी अधिक चांगल्या पोलादापासून ती नव्याने तयार करण्यात आली. तिची पेटी चौकोनी कोपऱ्यांची असते. २ ए च्या दर्शीवर २,००० मी. पर्यंतचे आकडे असत. २ ए १ मध्ये ते ८०० मी. वर आणले गेले. खोबणीवर ‘७·६२ मिमी.’ असा स्पष्ट निर्देश असतो. हीच रायफल परदेशी बाजारात कापून तथाकथित ‘जंगल कार्बाइन’ म्हणूनही विकली गेली आहे. तिसरा भारतीय प्रकार अधिक फसवा आहे. पहारेकरी व पोलिसांसाठी काही रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून तिचा व्यास ०·४१० इंच करण्यात आला व पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवून ती एकेक काडतुसाची मस्केट बनविण्यात आली. बाहेरून पाहणाऱ्यास ती साधी मार्क ३ वाटते. नळीत पाहिल्याखेरीज ती ओळखता येत नाही. लष्करी काडतुसांच्या शस्त्रांवर नागरिकांसाठी निर्बंध असल्याने ली-बोल्टच्याच धर्तीवर ०·३१५ इंच व्यासाच्या नागरी रायफली निघाल्या, त्यांचीही गल्लत सैनिकी रायफलींशी होते. रायफलीसोबत सापडलेली काडतुसेही पुष्कळदा उपयोगी पुरावा देतात. पुण्याजवळच्या खडकी येथील १८६९ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याच्या ०·३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे व वर्षाचे अंक आढळतात.

नकला व बनाव : वायव्य सरहद्दीवरील, आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साध्या हत्यारांनी ब्रिटिश शस्त्रांच्या नकला केल्या. त्यांतील कौशल्य थक्क करणारे आहे. परंतु इंग्रजी लिपी न जाणणाऱ्या हाताने समोरच्या नमुन्यावरून उतरविलेल्या अक्षरांत चूक राहते. ‘एन’ हे अक्षर उलटे, ‘एन्फील्ड’ ची वर्णरचना बिघडलेली, मुकुट वाकडा, वर्ष व आद्याक्षरे विसंगत अशा गोष्टी आढळतात. अंतर्गत तपासणीच्या बारीक शिक्क्यांचा अभाव हे त्याहून भरवशाचे लक्षण होय, कारण सरकारी कारखान्यात जवळजवळ प्रत्येक सुट्या भागावर असा शिक्का बसे. अशा नकलांतील पोलादाची खात्री देता येत नाही. त्या उडविणे धोक्याचे आहे.

बनावाला सर्वाधिक बळी पडलेले दोन प्रकार म्हणजे क्र. ५ व नेमबाजांची क्र. ४ (टी). क्र. ५, म्हणजे १९४४ ची खरी जंगल कार्बाइन, इंग्लंडमध्ये फॅझाकर्ली व शर्ली येथेच झाली. वजन घटविण्यासाठी तिच्या नळीच्या मुळाशी व कोठीवर धातू कोरून काढलेला असतो, बोल्टची मूठ पोकळ असते आणि दर्शीवर ८०० यार्डांपर्यंतचे आकडे असतात. नळीच्या तोंडाला शंकूसारखा ज्वालारोधक लावला, म्हणजे क्र. ४ ची क्र. ५ होत नाही. मुळाशी कोरकाम नसल्यास निर्णय तत्काळ देता येतो. क्र. ४ (टी) साठी निवडक अचूक रायफली घेऊन बहुतेकांवर हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या संस्थेने दुर्बीण बसविली. खऱ्या नमुन्यात कोठीच्या डाव्या बाजूस ‘टी’, दस्त्याच्या खाली ‘एस. ५१’ हा संस्थेचा संकेत व दस्त्याच्या मनगटावर दुर्बिणीचा क्रमांक असतो. शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. त्या क्रमांकाची दुर्बीण सोबत नसेल, तर रायफल अस्सल असूनही संच अस्सल नसतो.

परीक्षणाची रीत : प्रथम पेटी काढून व बोल्ट मागे घेऊन नळी रिकामी असल्याची खात्री करतात. नंतर मोठ्या लक्षणांवरून प्रकार, खुणांवरून कारखाना व काळ आणि क्रमांकांवरून भागांचा परस्परसंबंध ठरवितात. लाकूड शेवटी उतरवितात, कारण लाकडाखाली झाकलेल्या नळीवरील तारखा व शिक्के बहुधा कोणी छेडलेले नसतात आणि बाहेरच्या खुणांची पडताळणी तेथे होते. लाकडाची जातही बोलकी असते. अक्रोड हे मूळचे. युद्धकाळात बीच व बर्चचा वापर वाढला. लिथगोच्या रायफलींत क्वीन्सलँड मेपल व कोचवुड ही ऑस्ट्रेलियन लाकडे आढळतात. काळा रंग हा उशिराच्या दुरुस्तीचा निदर्शक आहे. त्याखाली पूर्वीची खूण झाकली गेल्याची शक्यता असते. मात्र तो घासून काढणे, लाकूड रंधून चकचकीत करणे किंवा धातूला नवी निळसर झाक देणे यांमुळे पुरावा कायमचा जातो. संग्रहालयांत आलेल्या पुष्कळ नमुन्यांचे असे नुकसान त्यांच्या हितचिंतक मालकांनीच केलेले असते.

घासून टाकलेला क्रमांकही नेहमी नाहीसा होत नाही. ठसा मारताना त्याखालील धातूची घडण दबून बदलते, त्यामुळे योग्य आम्लद्रावाने पृष्ठभागावर उत्कीर्णन केल्यास अंक काही काळ पुन्हा दिसू शकतात. हे काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे होय. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या आठव्या कलमान्वये अग्निशस्त्रावरील ओळखचिन्ह खोडणे, बदलणे वा बनावट करणे यांस मनाई असून चिन्ह खोडलेले शस्त्र बाळगणाऱ्याने ते आपणच खोडले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते.